पाणी सोडून बाकी सगळं

माझ्याकडं येणारा माणूस बसायच्या आधी भाव इचारतो. "भुजंगराव, खरेदीखताचे किती घेता?" अरे बाबा, टेक तर खरं. घोटभर पाणी पी. काय इकायचं हाय, कुणाच्या नावावर हाय, भावकीत काई लफडं हाय का, ते सांग. न्हाई. आधी भाव. मेथीची जुडीसुद्धा लोक उलटीपालटी करून बघतात आणि मंग भाव करतात. पर जन्मभराचं घर इकायला निघालेल्या माणसाला कागद फक्त स्वस्त पायजे असतो.

मी दस्तलेखक. परतूरच्या रजिस्ट्री हापिसासमोर पत्र्याच्या शेडात माझं टेबल हाय, तीस वर्षं झाली. इकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं खरेदीखत लिहायचं, उतारे बघायचे, चलन भरून घ्यायचं, दोघांना साहेबापुढं उभं करायचं, हे माझं काम. माझं अक्षर बघायला लोक थांबायचे. हे फुशारकी म्हणून सांगत न्हाई. बरं, फुशारकीच हाय, काय बिघडलं? एका वकिलानं माझं खत उजेडात धरून इचारल्तं, भुजंगराव, हे लिहिलंय का छापलंय? आता सगळं कंप्युटरवर. शेजारी राधेश्यामचं काच लावलेलं टायपिंगचं दुकान हाय. मी कच्चा खर्डा बॉलपेननं खरडतो, त्याचा ऑपरेटर तो टाइप करतो, आणि माझा शाईचा पेन खिशात वाळत ऱ्हातो. हाताला कधी कधी इतकी आठवण येते लिहायची, की मी सिगारेटच्या पाकिटावर लोकांची नावं लिहीत बसतो. सिगारेट मी पीत न्हाई, पाकीट टपरीवरून आणतो.

तर मागच्या साली, होळीच्या आधीचा सोमवार होता. गिरिजाबाई आली.

गिरिजाबाई माझ्याच गावची. वाटूर फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. सत्तरीची बाई, काटक, पांढरं लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि पिशवीत घराचा उतारा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला. तिचा मालक साहेबराव विहिरी खांदायचा. तो जाऊन बारा वर्षं झाली. गावात बौद्ध वस्तीच्या तोंडाशीच तिचं घर, दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात आड.

"जयभीम, भुजंग."

"जयभीम, अक्का. बसा."

बसली. म्हणली, "घर इकायचं हाय. एक इचारते. पाण्याचं कसं लिहिशील?"

तीस वर्षांत पयल्यांदा कुणीतरी भावाच्या आधी दुसरं काई इचारलं. मी पेनच खाली ठेवला.

गोष्ट अशी होती. तिचा पोरगा संघपाल वाळूजला कंपनीत हाय, तिथंच तिसऱ्या मजल्यावर त्यानं घर घेतलंय. मागच्या हिवाळ्यात गिरिजाबाई अंगणात पाय घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत दोन घंटे तशीच पडून राह्यली. पोरगा म्हणला, बास झालं आई. तिनं बी मान्य केलं. घर इकत घ्यायला तयार होता आमच्याच गावचा सोमेश्वर. त्याचा फाट्यावर थंड पाण्याच्या जारचा धंदा हाय, आणि त्याला धंदा वाढवायला जागा पायजे होती, बारमाही पाण्यासंगट. त्या आडाचं पाणी कधी आटलं न्हाई, हे पंचक्रोशीला ठाऊक.

गिरिजाबाईची एकच अट. घर घे, अंगण घे, आडाला मोटर लाव, पर आडावर कुणी बी पाणी न्यायला आलं तर त्याला मनाई करायची न्हाई. ज्यानं त्यानं आपल्या हातानं शेंदून न्यावं. साहेबरावानं आड खांदला तेव्हाच हा कायदा केल्ता, आणि अंगणाला कधी फाटक बसवलं न्हाई. सोमेश्वर तोंडी म्हणला, चालतंय की अक्का, नळ आलाय आता, येणार कोन हाय? पर गिरिजाबाईला तोंडी नको होतं. कागदावर पायजे होतं.

"आणि कागद स्वस्तात पायजे," ती म्हणली. "स्वस्तात, पर बराबर."

"माझ्या आधी कुणाकडं गेल्ता?"

"तिघांकडं." तिनं बोटं मोजली. "वकील म्हणले, असली अट कोर्टात टिकंल का न्हाई सांगता येत न्हाई, आणि फी आठ हजार. म्हंजे टिकत न्हाई हे सांगायचे आठ हजार! त्या पलीकडच्या शेडातला नुसता हसला. राधेश्याम म्हणला, मावशी, आठशेत करून देतो, पर पाण्याला फॉरमॅटमधी जागा न्हाई."

"राधेश्यामचं आठशे म्हंजे आठशे नसतं अक्का. मंग प्रिंटचे निराळे, फोटोचे निराळे, साक्षीदार आणला तर त्याचा चहापाणी निराळा."

"मला सांगतूस? सकाळधरून त्याच्या बाकड्यावर बसल्ते. तीन जणांचे कागद होताना बघितले. आठशेचा आकडा दारापाशी ऱ्हातो, आत येतच न्हाई." आणि मंग माझ्याकडं रोखून बघत, "तुझं बोल."

मी पंधराशे बोललो. तिनं बाराशेवर आणला. कसा आणला मला अजून कळलं न्हाई. मी फक्त एवढंच म्हणलो की सगळं त्यातच, वर एक पैसा न्हाई, आणि ती म्हणली मंग बाराशेच बराबर हायेत.

"आणि पाण्याचं?"

"लिहू की," मी म्हणलो.

लई सहज म्हणलो. ते सहज म्हणणंच पुढं नडलं.

"पर अक्का, चौथ्या नंबरला माझ्याकडं कामून आल्या? गावचा माणूस म्हणून आधी यायचं ना."

"कागद होऊ दे. मंग सांगते."

तिचा आणखी एक हट्ट होता, की मी येऊन घर डोळ्यानं बघावं. बाराशेत कुणी जागेवर जात न्हाई. चतुःसीमा उताऱ्यावरून उतरवायच्या, पूर्वेला अमुक, पश्चिमेला रस्ता, झालं काम. पर गाव माझंच, आणि तिच्यापुढं न्हाई म्हणायची माझी टाप नव्हती. रविवारी गेलो.

मी त्या अंगणात लहानपणापासून कधी गेलोच नव्हतो. खोटं कामून बोलू? आमचा वाडा वरच्या गल्लीत, रस्ता निराळा. तिनं मला सगळं दाखवलं. अर्धं सामान बांधून झाल्तं. भिंतीवर दोन फोटो तेवढे राह्यल्ते, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा. ते म्हणली मी स्वतः मांडीवर घेऊन जाणार, टेम्पोत टाकणार न्हाई. खिडकीची कडी दाखवली, ती साहेबरावानं बसवलेली, उलटी बसवलेली, चाळीस वर्षं उलटीच उघडते. "रोज सकाळी शिव्या घालायची त्याला या कडीवरून," ती म्हणली. "आता वाळूजला कडी बराबर हाय. शिव्या कुणाला घालू?"

आणि हसली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. "भुजंग, मी जाऊन राह्यले, पर माझा जीव हितंच ऱ्हाणार बघ. तुझ्या खतात तेवढं लिहिता येतंय का?"

मी उगाच ती कडी वर-खाली करून बघितली.

मंग आडापाशी नेलं. दगडी कठडा, त्याच्यावर चऱ्हाटानं घासून पडलेल्या खाचा. मी बोट घालून बघितलं, बोटाचं एक पेर आत गेलं. तिनं पोहरा आत सोडला. गरगडी कुरकुरली, खाली पाण्याचा आवाज आला, आणि त्या म्हातारीनं सात-आठ हात मारून पोहरा वर घेतला. पडलेली बाई ही! मी म्हणलो, अक्का, राहू द्या, मी घेतो. म्हणली, तू आज पाव्हणा. मी ओंजळ धरली, तिनं वरून वतलं, मी पिलो. गार, गोड पाणी. मनगटावरून कोपरापर्यंत वघळ आले. मी पिताना ती माझ्याकडं कशी बघत होती, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं न्हाई.

"हे शेंदणं लई याद येणार," ती पोहरा कठड्यावर उपडा घालत म्हणली. "सकाळी उठलं की हात आपोआप चऱ्हाटाकडं जातात. तिथं हातांना काय सांगू?"

खरेदीचा दिवस उजाडला. मी खर्डा लिहून राधेश्यामकडं टाइपाला दिल्ता, सकाळी प्रिंट हातात आली. पाण्याची अट तिसऱ्या पानावर, चांगली ठळक. टोकन लागलेलं होतं, आमच्या पुढं दोन नंबर. सोमेश्वर कोरा शर्ट घालून आल्ता. सोबत त्याची आई मालनबाई. संघपालला सुट्टी मिळाली न्हाई. गिरिजाबाई एकटीच बाकड्यावर, मांडीवर पिशवी.

आमच्याकडं एक रीत हाय. सही करायच्या आधी लिहून देणाऱ्याला खत मोठ्यानं वाचून दाखवायचं. इकणाऱ्याला आम्ही लिहून देणार म्हणतो, घेणाऱ्याला लिहून घेणार. बहुतेकजण आता वाचत न्हाईत. हितं सही कर, तितं अंगठा दे, चल. मी वाचतो. गिरिजाबाई साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्ती, वाचायला मातर तिला येळ लागायचा. म्हणून मी सावकाश वाचायला लागलो.

"लिहून देणार गिरिजाबाई भ्र. साहेबराव..." आमच्या मराठवाड्याच्या कागदात नवऱ्याच्या नावाआधी असं भ्र. लिहितात. साहेबरावाचं नाव आल्यावर ती जरा ताठ बसली. आमच्या घरात त्याला कधी कुणी 'राव' लावून बोलवलं नव्हतं. कागदावर होतं.

पुढं चतुःसीमा वाचल्या. मंग नेहमीची ओळ आली, जी माझ्या तोंडून झोपेत बी निघंल.

"सदर घरजागा त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह लिहून घेणार यांना आज रोजी कायमची विक्री केली असून..."

"थांब," गिरिजाबाई म्हणली.

मी थांबलो.

"ते पयलं काय वाचलंस?"

"कुठलं?"

"जल."

"ते अक्का, सगळ्याच खतात ऱ्हातं. जागेसंगट झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, सगळं जातं, असं लिहायची पद्धत हाय."

"जल म्हंजे पाणी न्हवं?"

"हौ."

"मंग तू माझं पाणी इकलंस."

"न्हाई अक्का, अट पुढं हाय की, तिसऱ्या पानावर. हे बघा."

"दुसऱ्या पानावर इकलं, तिसऱ्या पानावर राखलं. उद्या भांडण लागलं तर कोणतं पान खरं?"

काय सांगू तुमाला. शेडात चार माणसं होती, चारी माझ्याकडं बघाया लागली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या माझ्या. एका म्हातारीनं माझं तीस वर्षांचं दुकान दोन वाक्यांत उघडं पाडलं. राधेश्यामच्या नावानं खापर फोडता आलं असतं, टाइप त्याच्याकडं झाल्तं. पर खर्डा माझ्या हातचा होता. ती ओळ मीच लिहिल्ती. तीस वर्षं हात ती ओळ लिहितो, डोकं तेव्हा दुसरीकडंच असतं. तिनं तीन जणांना सोडून ज्या कामासाठी मला धरलं, नेमकं तेच मी घालवून बसल्तो.

"नवीन प्रिंट काढतो," मी उठलो. तेवढ्यात आतून शिपाई ओरडला, पुढचा नंबर आमचा. आणि राधेश्यामकडं लाइट गेल्ती.

सोमेश्वर चुळबुळ करून राह्यल्ता. "भुजंगराव, ऱ्हाऊ द्या ना. अट हाय ना पुढं? मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो? आता परत टोकन, परत चक्कर, धंदा सोडून आलोय मी."

गिरिजाबाईनं पिशवी उचलून छातीशी धरली, उठायच्या तयारीनं. मला कळलं. ही बाई जाणार. घर इकल्याबिगर जाणार, परत एकटी त्या अंगणात ऱ्हाणार, परत कवातरी पडणार. पाण्याचं बराबर लिहिल्याबिगर ही सही करत न्हाई.

मी खिशातून पेन काढला.

खतात खाडाखोड करायला बंदी न्हाई. खोडलेल्या शब्दापाशी दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, एवढंच. पर माझ्या खतात आजपर्यंत एक शब्द खोडलेला न्हाई. तो माझा मान होता, बाकी मान तसा काय राह्यलाय आमच्या धंद्यात? शाई वाळल्ती. पेन झटकला, टेबलावरच्या पेपरावर रेघोट्या वढल्या, तेव्हा कुठं निळं आलं. 'जल' वर सरळ रेघ मारली. आणि बाजूच्या कोऱ्या जागेत लिहिलं.

"आडाचे पाणी विकलेले नाही. सदर पाणी ज्याने त्याने आपल्या हाताने शेंदून न्यावे, त्यास कोणाचीही मनाई राहणार नाही."

किती वर्षांनी खतावर शाईनं लिहीत होतो. पयला शब्द जरा हालला. मंग हात बसला. शेवटी शेवटी तर जुनं अक्षर आलं बघा, गोल, टपोरं. लाज वाटत होती आणि बरं बी वाटत होतं, दोन्ही एकदम.

सोमेश्वरनं ते वाचलं आणि त्याचं तोंड उतरलं. "असं कसं? जलच काढलं तर माझं काय राह्यलं? मी पाण्यासाठीच तर घेऊन राह्यलो."

"तू बी शेंद की," गिरिजाबाई म्हणली. "मोटर लाव, जार भर, मी कुठं मना करते? ज्यानं त्यानं मधी तू बी आलास. दुसऱ्याला अडवू नको, एवढंच."

"पर कागदावर कशाला अक्का? इस्वास न्हाई का माझ्यावर?"

"तुझ्यावर हाय. तुझ्या मागून येणाराला मी कुठं वळखते?"

सोमेश्वर आईकडं बघाया लागला. मालनबाई म्हणली, "सोम्या, दुष्काळाच्या साली आपुन टँकरच्या मागं पळायचो. तवा हिच्या आडावरून मी रोज दोन घागरी आणल्या. तू आंघूळ करून शाळेत गेलास ना? कर सही."

त्यानं खोडलेल्या जागेपाशी सही केली. गिरिजाबाईनं केली, एक एक अक्षर धरून, जीभ दातात धरून. शेवटचं पान वाचायचं राह्यल्तं, ते मी घाईघाईनं वाचलं. "...हे खरेदीखत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे."

"राजी हाये," ती म्हणली. "खुशी कशी असंल रे?"

"काढू का ते बी?" मी पेन धरूनच होतो.

"ऱ्हाऊ दे. तेवढं खोटं चालतंय."

आत साहेबांनी खत हातात घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "भुजंगराव, तुमच्या खतात खाडाखोड?" "हौ साहेब. पयलीच." त्यांनी ती ओळ वाचली, गिरिजाबाईला इचारलं, मान्य हाय का, सोमेश्वरला इचारलं, आणि शिक्का पडला. यंत्रावर तिचा अंगठा उमटेना, घासून घासून गुळगुळीत झाल्ता. चौथ्या खेपेला उमटला.

बाहेर टपरीवर चहा घेतला. तिनं बाराशे रुपये काढले. मी म्हणलो, अक्का, चूक माझी होती, आज पैसे न्हाई घेत. तर डोळे वटारले. "लिहिलंस ना? मंग घे. फुकटात लिहिलेला कागद मला नको."

घेतले. मंग म्हणलो, "आता सांगा. माझ्याकडं कामून आल्या?"

तिनं बशी खाली ठेवली.

"बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन होऊन सा महिने झाल्ते. तुमच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. त्या विहिरीचा तळ माझ्या मालकानंच फोडल्ता, मजुरीनं. पर आमी वरून शिवायचं न्हाई. तुमच्या घरचं कुणी यायचं, शेंदून वरून घागरीत वतायचं. एक दिवस दुपारी गेले. तुझी आजी, द्वारकाबाई, झोपल्ती. चऱ्हाट माझ्यापासून वीतभर लांब होतं, भुजंग. वीतभर. पाणी खाली दिसत होतं. मी घागर घेऊन दीड घंटा उनात उभी. मला दिवस गेल्ते. हात लावला असता तर काय झालं असतं? पर लावला न्हाई मी. घरी गेले ती रिकामी घागर घेऊन. साहेबराव कामावरून आला, त्यानं घागर बघितली. दुसऱ्या दिवशी पाहाटं अंगणात कुदळ मारली. दिवसा दुसऱ्याच्या विहिरी, सकाळ-संध्याकाळ आपला आड. दोन उन्हाळे लागले."

माझ्या आजीचा मी लई लाडका. ती वाईट बाई नव्हती, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"तुझ्याकडं यायला पाय उचलंना, म्हणून आधी तिघांकडं गेले. मंग वाटलं," ती म्हणली, "ज्या घरानं वरून वतलं, त्याच घरच्या हातानं हे लिहून घ्यावं. की कुणाला मनाई न्हाई. स्वस्त तर राधेश्याम बी होता. पर तो हात मला कुठं भेटला असता?"

तेव्हा मला तो रविवार आठवला. माझी ओंजळ, आणि वरून वतणारी ती.

दोन दिवसांनी ती वाळूजला गेली. फोटो मांडीवर घेऊन, टेम्पोत पुढं बसून.

मंग दर सोमवारी फोन सुरू झाले. संघपाल कामावर गेला की करायची. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मंग हवा कशी हाय, आणि मंग हळूच, "आडावर कुणी येतंय का रे?" मी म्हणायचो, येत असतील की. तिचं समाधान व्हायचं न्हाई. म्हणायची, "हितं नळ हाय. सकाळी घंटाभर येतो. तोटी फिरवली की पाणी. भुजंग, हात रिकामे वाटतात. परवा सपनात शेंदत होते, तर नातीनं उठवलं, म्हणली आज्जी, हात कामून हलवते? आठवण लई येते रे. साहेबरावाची येते, का आडाची, मला बी कळत न्हाई आता."

मे महिन्यात एका सोमवारी मी मुद्दाम गावाकडं गेलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं न्हाई. अंगणाला फाटक नव्हतं, सोमेश्वरनं कागद पाळल्ता. आत पत्र्याचा शेड, निळ्या जारांच्या थप्प्या, मोटरीचा आवाज. तिच्या दोन खोल्यांत यंत्रं बसल्ती. उलटी कडी तशीच होती. आणि कठड्यावर पोहरा होता, गरगडी होती, चऱ्हाट होतं. पर चऱ्हाट वाळून काठीसारखं ताठ झाल्तं आणि पोहऱ्यात कोळ्यानं जाळं केल्तं.

सोमेश्वर कपाळ पुसत आला. "भुजंगराव, मी कुणाला अडवलं न्हाई, शप्पथ. पर कोन येतंय? नळ हाय, जार हाय. एक माणूस आला न्हाई दोन महिन्यांत."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सोमवार. मी उचलला न्हाई. काय सांगणार होतो? खोटं बोलायचं म्हणलं तर जमलं असतं, जन्म त्यातच गेलाय. पर त्या बाईशी न्हाई जमलं.

पोहरा उचलला. जाळं पुसलं. चऱ्हाट गरगडीवर चढवून आत सोडला. लई खोल गेला. पाण्याचा आवाज आला आणि मी वढायला लागलो. साठीला आलेला माणूस मी, जन्मात पेनापेक्षा जड काई उचललं न्हाई. चौथ्या हाताला तळवे सोलले. चऱ्हाट बराबर त्या कठड्यावरच्या खाचेत बसलं, तिच्या हातानं पाडलेल्या. पोहरा वर आला. मी ओंजळ भरली आणि पिलो. तेच गार पाणी.

मंग फोन लावला.

"अक्का, आडावरूनच बोलतोय."

"कुणी आल्तं का?"

"आल्तं. आज एकानं शेंदलं."

"कोन रे?" तिचा आवाज एकदम वर चढला. "कोन आल्तं?"

"मी. आपल्या हातानं."

पलीकडं श्वास ऐकू आला, लांबलचक, आणि नाक वढल्याचा आवाज. मी सोललेला तळवा सदऱ्याला पुसला. पाणी सगळं अंगावर सांडल्तं, ऊन असून थंड वाटत होतं.

मंग ती बोलली, रोजच्यासारखी, जरा चिडल्यासारखी.

"पोहरा उपडा घातलास का? न्हाईतर कचरा पडंल त्यात."

घातला नव्हता. "घालतो अक्का," म्हणलो, आणि फोन कानाला तसाच धरून आडाकडं वळलो.